टोपी, दोन खंजीर आणि एक चेहरा

ब्रिटिश म्युझियमच्या वेबसाइटवर एका रोमन चांदीच्या नाण्याचा फोटो आहे. फोनवर दोन बोटांनी मोठा करून बघता येतो. मूळ नाणं आपल्या एक रुपयाच्या नाण्याएवढं, वजन चार ग्रॅमच्या आतबाहेर. एका बाजूला दोन खंजीर, पाती खाली. त्यांच्या मधोमध एक गोलसर टोपी. खाली लॅटिन अक्षरं, उच्चारी ‘एइद मार’. म्हणजे मार्चच्या ‘ईद्स’ला, पंधरा मार्चला. इ.स.पू. ४४ मध्ये या दिवशी सिनेटच्या बैठकीत ज्युलियस सीझरला भोसकून मारलं गेलं. खून करून त्याची तारीख आणि हत्यारं नाण्यावर छापायची, ती जगभर फिरवायची, असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

नाणं उलटवलं की दुसऱ्या बाजूला एका पुरुषाचं मस्तक दिसतं. चेहरा हडकुळा, गालावर खुरटी दाढी, नजर समोर. भोवती नाव: ब्रुटस, सेनापती.

मला अडचण आहे ती या दुसऱ्या बाजूची. सीझरवर आरोप होता की तो राजा होऊ पाहतोय. त्याच्या राजेपणाच्या खुणांमधली सर्वांत जास्त हातांतून गेलेली खूण म्हणजे नाण्यावरचा त्याचा चेहरा. रोमच्या टांकसाळीत तोवर जिवंत माणसाचा चेहरा नाण्यावर घालत नसत. पूर्वेकडचे राजे घालत, म्हणूनच रोमन लोक घालत नसत. इ.स.पू. ४४ च्या सुरुवातीला सिनेटनं सीझरला तो मान दिला आणि त्याचं सुरकुतल्या मानेचं मस्तक चांदीवर उमटलं, शेजारी ‘तहहयात हुकूमशहा’ हा किताब. काही आठवड्यांत तो मेला. आणि ज्यानं मारलं, त्यानं तीन वर्षांच्या आत स्वतःचा चेहरा नाण्यावर आणला.

याला ढोंग म्हणून मोकळं होता येतं. बरेच जण होतात. मला ते पटत नाही, कारण ढोंगी माणसाकडून शिकण्यासारखं फार नसतं आणि ब्रुटस त्या अर्थानं ढोंगी नव्हता. तो वाचणारा, लिहिणारा माणूस होता. सद्गुणांवर त्यानं एक पुस्तक लिहून सिसरोला अर्पण केलं होतं (ते आज उपलब्ध नाही). शिवाय आपण कोणत्या गोष्टीला विरोध करतोय हे त्याला नीट कळत होतं, याचा पुरावा नाण्यांमध्येच आहे.

सीझरच्या खुनाच्या साधारण दहा वर्षं आधी, इ.स.पू. ५४ च्या सुमारास, ब्रुटस रोमच्या टांकसाळीचा एक अधिकारी होता. वय तिशीच्या थोडं पुढे. राजकारणाची शिडी चढू पाहणाऱ्या घराण्यांतल्या मुलांकडे हे काम येई. दरवर्षी काही जण नेमले जात आणि देनारियस नावाच्या चांदीच्या नाण्यावर काय छापायचं यात त्यांचा मोठा हात असे. (आपल्या जुन्या ग्रंथांत आणि शिलालेखांत येणारा ‘दीनार’ हा शब्द याच देनारियसचा. प्रवासात तो चांदीवरून सोन्यावर गेला.) बहुतेक अधिकारी या जागेचा उपयोग आपल्या खापरपणजोबांची आरती ओवाळायला करत. मेलेला पूर्वज चालत असे, जिवंत माणूस नाही. ब्रुटसनं काय निवडलं? एका नाण्यावर लिबर्तास, म्हणजे स्वातंत्र्यदेवता, एक शांत बाईचा चेहरा. तिच्या पाठच्या बाजूला ज्यानं शेवटच्या राजाला हाकलून रोममध्ये प्रजासत्ताक आणलं असं रोमन लोक मानत, तो आद्य ब्रुटस, शिपायांच्या मधून चालत निघालेला. दुसऱ्या एका नाण्यावर घराण्यातले दोन पूर्वज, दोघेही हुकूमशाहीला आडवे गेलेले म्हणून प्रसिद्ध.

तेव्हा सीझर गॉलमध्ये लढत होता, आणि रोममध्ये कुजबुज होती ती पाँपीला हुकूमशहा करण्याची. म्हणजे ब्रुटसचा आक्षेप एका व्यक्तीवर नव्हता. कोणीही एक माणूस सगळ्यांपेक्षा मोठा होऊ नये, हे त्याचं म्हणणं होतं, आणि ते त्यानं ऐन तारुण्यात चांदीवर लिहून ठेवलं होतं.

मग लिबर्तासच्या चेहऱ्यापासून स्वतःच्या चेहऱ्यापर्यंत तो कसा आला?

सरळ उत्तर पैशाचं आहे. खुनानंतर रोम हातातून निसटलं. ब्रुटस आणि कॅशियस पूर्वेकडे गेले, सैन्य उभं केलं. समोर होते मार्क अँटनी आणि सीझरचा दत्तक मुलगा ऑक्टेवियन. सैनिकांना पगार लागतो, आणि यादवी युद्धात बक्षीसही लागतं, कारण समोरची बाजू जास्त देईल ही भीती कायम असते. फिलिपीच्या लढाईआधी या दोघांनी प्रत्येक सैनिकाला दीड हजार देनारियस वाटले असं अपियन हा इतिहासकार सांगतो. सीझरनं वाढवल्यानंतरही सैनिकाचा वर्षाचा पगार सव्वादोनशे देनारियस होता. म्हणजे साडेसहा वर्षांहून जास्त पगार एका झटक्यात.

एवढी चांदी ज्याच्या हातात पडते तो माणूस ती उलटून बघतो. अँटनी आणि ऑक्टेवियन दोघांनीही इ.स.पू. ४३ मध्येच आपापले चेहरे नाण्यांवर आणले होते, आणि पाठच्या बाजूला मेलेल्या सीझरचा. समोरच्याकडे चेहरा आहे, आपल्याकडे एक देवता आहे. छावणीतला शेतकऱ्याचा पोरगा कोणासाठी मरेल? ब्रुटसच्या तंबूत हा प्रश्न कोणीतरी विचारलाच असेल. आजही कुठल्याही संघटनेच्या बैठकीत तो विचारला जातो. मुद्दे लोकांच्या लक्षात राहत नाहीत, माणूस राहतो. पोस्टरवर कोणाचा तरी फोटो हवा.

गंमत म्हणजे ब्रुटसनं सुरुवात फोटोनं केली नव्हती. पूर्वेत आल्यावरच्या त्याच्या पहिल्या काही नाण्यांवर पुन्हा लिबर्तासच आहे, तिच्या नावासकट. चेहरा मागाहून आला. म्हणजे त्याच्या घसरणीचे टप्पे आपल्याला जवळजवळ महिन्यामहिन्यानं दिसतात: आधी देवता, मग स्वतःचा चेहरा, आणि त्याच्या मागे टोपी नि खंजीर.

गरजेपुढे कोणाचं चालतं, असं म्हणून हे प्रकरण इथे मिटवता आलं असतं. पण कॅशियस आडवा येतो.

गायस कॅशियस हा कटातला दुसरा प्रमुख, ब्रुटसचा मेहुणा. त्याचं सैन्य तेवढंच मोठं. शत्रू तेच, वर्ष तेच, पगाराची गरज तीच. त्यानंही नाणी पाडली, भरपूर पाडली. त्यांवर लिबर्तास आहे, पुरोहितांची भांडी आहेत, त्याचं नाव आहे, सेनापती हा किताब आहे. त्याचा चेहरा एकाही नाण्यावर नाही. कॅशियस दिसायला कसा होता हे नाण्यांवरून आपल्याला कधीच कळणार नाही. आणि त्याचं सैन्य काही पळून गेलं नाही. चेहरा नसलेली चांदी सैनिकांनी घेतली आणि ते लढले. तेव्हा ‘इलाज नव्हता’ हे ब्रुटसच्या बाजूचं सगळ्यात भक्कम कारण शेजारच्या तंबूतच खोटं ठरतं.

इथे थांबून कॅशियसच्या गळ्यात हार घालायचा मोह होतो. तो आवरावा. ऱ्होड्स बेट जिंकल्यावर त्यानं मंदिरांतलं आणि सार्वजनिक खजिन्यातलं सोनंचांदी उचललंच, शिवाय खासगी लोकांनीही आपलं सगळं सोनंचांदी ठरल्या दिवशी आणून द्यावं असा हुकूम काढला. लपवेल त्याला मृत्यू. चुगली करेल त्याला दहावा हिस्सा, आणि चुगली करणारा दास असेल तर त्याला स्वातंत्र्य. हे अपियननंच लिहून ठेवलं आहे. स्वातंत्र्यदेवतेच्या नाण्यांसाठी चांदी गोळा करताना स्वातंत्र्य हेच आमिष! प्लुटार्क सांगतो की ऱ्होड्सच्या लोकांनी कॅशियसला राजा म्हणून हाक मारली तेव्हा तो उखडला, आपण राजा नसून राजाला मारणारे आहोत असं त्यानं सुनावलं. मग मंदिरं रिकामी केली.

ब्रुटसचा हिशेबही स्वच्छ नव्हता. खुनाच्या सहा-सात वर्षं आधीची गोष्ट. सायप्रसमधल्या सालामिस शहरानं कर्ज घेतलं होतं, व्याज दरसाल ४८ टक्के. वसुलीसाठी स्कॅप्टियस नावाच्या माणसानं घोडेस्वार मिळवून सालामिसच्या नगरसभेलाच कोंडून ठेवलं. पाच सभासद उपासमारीनं मेले. प्रांताचा नवा अधिकारी म्हणून सिसरो तिथे आला आणि चौकशीत त्याला कळलं की कर्जामागचा खरा पैसा ब्रुटसचा आहे. ज्याच्याकडून सद्गुणांवरचं पुस्तक आपल्याला अर्पण व्हावं असा माणूस! सिसरोची आपल्या मित्राला लिहिलेली पत्रं शिल्लक आहेत, त्यांत त्याची अस्वस्थता लपत नाही.

तर सालामिसच्या किंवा ऱ्होड्सच्या माणसाला विचारलं असतं की बाबा, तुला लुटणाऱ्याच्या नाण्यावर देवता असावी की त्याचं स्वतःचं मुंडकं, तर त्यानं काय उत्तर दिलं असतं? चांदी गेली ती गेली. या प्रश्नापुढे माझा सगळा मुद्दा क्षणभर पोरकट वाटतो. चेहरा असला काय, नसला काय.

तरीही फरक आहे असं मला वाटतं, आणि तो शोधायचा तर खंजिरांमधल्या त्या टोपीकडे परत जायला हवं. चेहऱ्याच्या नादात टोपीकडे दुर्लक्ष होतं, आणि सगळी मेख तिथे आहे.

टोपीचं नाव पिलेउस. लोकरीची, साधी. रोममध्ये दासाला मुक्त करताना ती त्याच्या डोक्यावर चढे. म्हणून ती स्वातंत्र्याची खूण. सीझरला मारून बाहेर पडलेल्या मंडळींपैकी एकानं भाल्याच्या टोकावर अशी टोपी उंच धरली होती, असंही अपियन सांगतो. सगळं रोम सीझरचं दास झालं होतं, आम्ही त्याला मुक्त केलं. चित्राचा अर्थ इतका स्पष्ट आहे की सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी लिहिणाऱ्या डिओ या इतिहासकारानं या नाण्याचा मुद्दाम उल्लेख करून तोच अर्थ दिला आहे. प्राचीन लेखकानं एखाद्या विशिष्ट नाण्याबद्दल असं थांबून सांगणं क्वचितच घडतं.

पण रोममध्ये मुक्त झालेल्या दासाचं पुढे काय होत असे? तो मोकळा होई, रीतसर मुक्ती असेल तर नागरिकही होई, मात्र मुक्त करणाऱ्याशी त्याची गाठ सुटत नसे. पूर्वीचा मालक आता त्याचा आश्रयदाता. त्याचं नाव लावायचं: सिसरोचा दास तिरो मुक्त झाला आणि मार्कस तुलियस तिरो झाला, सिसरोचंच नाव पुढे जोडून. आश्रयदात्याचा मान राखायचा, ठरलेली कामं करायची. आणि त्याच्यावर दावा लावायचा असेल तर आधी न्यायाधिकाऱ्याची परवानगी घ्यायची. ज्यानं तुला मुक्त केलं त्याला तू सहजासहजी जाब विचारू शकत नाहीस, हा कायदाच होता.

आता नाणं पुन्हा दोन्ही बाजूंनी बघा. एका बाजूला मुक्त दासाची टोपी, दुसऱ्या बाजूला मुक्त करणाऱ्याचा चेहरा. मधे तारीख, म्हणजे उपकाराची नोंद. ब्रुटसच्या मनात हे होतं असं मी म्हणत नाही. पण रस्त्यावरच्या कुठल्याही रोमन माणसाला टोपी आणि आश्रयदाता हे नातं आपल्याला सातबारा कळतो तसं कळत असणार. त्या नाण्यानं सगळ्या रोमन नागरिकांना ब्रुटसचे मुक्त दास करून टाकलं.

माझ्या मते चेहऱ्यामधला दोष तो हा. गर्व हा त्यातला किरकोळ भाग. कॅशियसच्या नाण्यावरची लिबर्तास कॅशियसची नाही. ती त्याच्या आधी होती, नंतरही राहणार. त्यामुळे ऱ्होड्सचा लुबाडलेला माणूस तेच नाणं कॅशियसच्या तोंडासमोर धरून विचारू शकतो की ही बाई कोण, आणि तू काय करतो आहेस? कॅशियसकडे याचं उत्तर नाही. त्याचीच चांदी त्याच्याविरुद्ध साक्ष देते. ब्रुटसचं नाणं असं कोणापुढे धरता येत नाही. ते धरलं की समोर ब्रुटसच दिसतो. त्यावरचं स्वातंत्र्य म्हणजे एका माणसानं एका तारखेला केलेलं काम. ते झालेलं आहे. त्याबद्दल आभार मानायचे.

हे मला पुस्तकातून सुचलं असं नाही. आमच्या कॉलेजच्या वसतिगृहात मेसच्या दरवाढीविरुद्ध आम्ही भांडलो होतो. पहिल्या वर्षी पत्रकांवर खाली फक्त ‘वसतिगृहातील विद्यार्थी’ असं असायचं. दर कमी झाले. दुसऱ्या वर्षी त्याच मागण्यांच्या बॅनरवर आमच्यातल्या एकाचा फोटो आला, हात उंचावलेला. तो धडपड्या होता, त्यानं खरंच सगळ्यांत जास्त मार खाल्ला होता, फोटोला कोणाचा विरोध नव्हता. काही महिन्यांनी जमवलेल्या वर्गणीचा हिशेब एका मुलीनं मागितला. तिला मिळालेलं उत्तर मला अजून आठवतं. ज्यानं तुमच्या ताटात भाजी वाढवली त्याला हिशेब विचारतेस? पैशात घोळ होता की नव्हता हे बाजूलाच राहिलं. पहिल्या वर्षी असाच हिशेब मागितला गेला होता आणि पाच मिनिटांत वही समोर आली होती. मधल्या काळात आमच्यातलं कोणी वाईट झालं नव्हतं. बॅनर बदलला होता.

इ.स.पू. ४२ च्या ऑक्टोबरमध्ये फिलिपीला दोन लढाया झाल्या. पहिलीत ब्रुटसही हरला अशा गैरसमजातून कॅशियसनं स्वतःला संपवलं, तीनेक आठवड्यांनी दुसरीत हरल्यावर ब्रुटसनं. नाण्यावर काय छापलं याचा निकालाशी काही संबंध नव्हता. ज्यांना इतिहासानं बरोबर माणसाला बक्षीस द्यावं असं वाटतं, त्यांच्यासाठी इथे काही नाही. ब्रुटसच्या त्या नाण्याची आज चांदीतली शंभरच्या आसपास आणि सोन्यातली तीन उदाहरणं माहीत आहेत. सोन्यातलं एक २०२० साली लंडनच्या लिलावात सुमारे ४२ लाख डॉलरला गेलं, मग त्याच्या मालकीचा इतिहास बनावट असल्याचं उघड झालं आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करावं लागलं.

जिंकलेल्या ऑक्टेवियनला मात्र ब्रुटसची युक्ती नेमकी कळली होती. इ.स.पू. २८ मध्ये, अँटनीही संपल्यावर, त्यानं आशिया प्रांतात तीन देनारियस किमतीची मोठी चांदीची नाणी पाडली. एका बाजूला शांतिदेवता. दुसऱ्या बाजूला त्याचा स्वतःचा चेहरा आणि भोवती किताब: रोमन जनतेच्या स्वातंत्र्याचा ‘विंदेक्स’. हा शब्द कोर्टातल्या भाषेच्या जवळचा आहे. अमुक माणूस दास नाही, मुक्त आहे, असा दावा त्याच्या वतीनं उभा राहून करणारा. ब्रुटसनं जे दोन बाजूंना ठेवलं होतं, चेहरा इकडे आणि स्वातंत्र्य तिकडे, ते ऑक्टेवियननं एकाच बाजूला आणलं. खंजीर काढून टाकले, त्यांची गरज उरली नव्हती. पुढल्याच वर्षी तो ऑगस्टस झाला. स्वातंत्र्याच्या नावानं चेहरा छापता येतो हे रोमला आधी दाखवलं कोणी, तर ज्यानं चेहऱ्यापायी माणूस मारला त्यानं.

पुढची काही शतकं सम्राटाचा चेहरा हीच नाण्याची पहिली बाजू झाली. ही चांदी आपल्याकडेही आली. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी प्रवासाच्या टिपणांत भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक नाण्यांशी बदलून नफा मिळतो असं नोंदलं आहे. तेव्हाचा तिथला राजा अभ्यासकांच्या मते क्षत्रप नहपान. त्यानंही स्वतःच्या मस्तकाची चांदीची नाणी पाडली, ग्रीक राजांच्या वळणाची, कडेला ग्रीक अक्षरं. गौतमीपुत्र सातकर्णीनं त्याचा पराभव केला. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला नहपानाच्या नाण्यांचा साठा सापडला, तेरा हजारांवर नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपला ठसा मारलेला. नाणी वितळवली नाहीत, तशीच घेऊन नहपानाच्या मस्तकावर तीन कमानींचा डोंगर आणि पाठीमागे उज्जयिनी चिन्ह दाबलं. पुष्कळ नाण्यांवर डोंगराखालून नहपानाचं नाक डोकावतं, ग्रीक अक्षरांचे तुकडे दिसतात.

मला हा ठसा फार आवडतो. हरवलेल्या राजाच्या चेहऱ्यावर जिंकलेल्या राजाचा चेहरा येऊ शकला असता, आला तो डोंगर. पण गौतमीपुत्राच्या मुलाच्या, म्हणजे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या चांदीच्या नाण्यांवर बघावं तर राजाचं मस्तक हजर. डोंगर पाठच्या बाजूला गेला. चेहऱ्याची ओढ रोमन नव्हती, एवढं यावरून नक्की.

मग कोणीच ती टाळली नाही का? रोममध्येच एकदा टाळली गेली, आणि तीही ब्रुटसचंच नाणं वापरून. इ.स. ६८ मध्ये नीरोविरुद्ध बंड झालं. सुरुवात करणाऱ्या गॉलमधल्या प्रांताधिकाऱ्याचं नावही योगायोगानं विंदेक्सच. स्पेनमधून गाल्बा हा म्हातारा सेनानी त्याला येऊन मिळाला. त्यानं सुरुवातीला सम्राट हा किताब घ्यायला नकार दिला, आपण सिनेटचे आणि रोमन जनतेचे प्रतिनिधी आहोत एवढंच म्हटलं. त्या काही महिन्यांत गॉल आणि स्पेनमध्ये चांदीची अशी नाणी निघाली ज्यांवर कोणाचंच नाव नाही. त्यांतल्या एकाच्या पाठच्या बाजूला ओळखीचं चित्र आहे: दोन खंजीर आणि मधे टोपी. एकशेदहा वर्षांनंतर, मधे किती सम्राट होऊन गेल्यावर, कोणाला तरी ते आठवलं होतं. अक्षरं सांगतात की रोमन जनतेचं स्वातंत्र्य परत आलं आहे.

नाणं उलटवलं की पहिल्या बाजूला, जिथे ब्रुटस होता तिथे, लिबर्तास आहे. ब्रुटसनं तरुणपणी छापली होती तशी. कोणीतरी ते जुनं नाणं हातात घेऊन त्यातलं काय ठेवायचं आणि काय वगळायचं याचा विचार केला असणार, आणि खंजीर ठेवून चेहरा वगळला.

जूनमध्ये नीरो मेला. सिनेटनं गाल्बाला सम्राट केलं, त्यानं ते स्वीकारलं. त्याच्या नाण्यांवरही स्वातंत्र्यदेवता आहे, ‘सार्वजनिक स्वातंत्र्य’ या नावासकट, हातात टोपी घेऊन उभी. ती पाठच्या बाजूला. पुढच्या बाजूला गाल्बाचं बाकदार नाक, ओघळलेले गाल, भोवती पूर्ण किताब. जानेवारी ६९ मध्ये सैनिकांनी त्याला भर चौकात मारलं. त्याची तक्रार करणाऱ्यांची मुख्य तक्रार अशी होती की त्यानं बक्षिसाची कबूल केलेली चांदी वाटली नाही.